पाटीवर ऑरोरा, आत मोनोकसी

मी मोनोकसी बोलतेय. समोरच्या पितळी पाटीवर दुसरं नाव आहे, पण तिकडे बघू नका. ती पाटी मी लावलेली नाही, आणि ज्यांनी लावली त्यांच्याबद्दल मला बरंच काही सांगायचं आहे.

मी वाफेचं इंजिन आहे. आमच्या बाल्टिमोरकडचे ड्रायव्हर इंजिनाला बाईमाणूसच समजतात, म्हणून मीही तसंच बोलते. आता सत्तावन्न वर्षांची झाले. स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणी माझ्या अंगावरून हात फिरवला, तर याला काय हवंय, हाच विचार माझ्या मनात पहिला येतो.

हा स्वभाव जन्माचा नाही. तो मला लोकांनी लावला.

अठराशे पस्तीस साली मी कारखान्यातून बाहेर पडले. उभा बॉयलर, एखादं मोठं पिंप ठेवावं तसा. त्याच्या डोक्यावर दोन लांब लोखंडी दांडे. मी चालू लागले की ते वर-खाली व्हायचे, म्हणून लोक आमच्या जातीच्या इंजिनांना नाकतोडे म्हणायचे. आम्ही अठरा जणी होतो. माझ्या अंगावर मोनोकसी नदीचं नाव सोनेरी अक्षरांत लिहिलं, वाजंत्री लावली, आणि एका गृहस्थांनी माझ्यावर तासभर भाषण ठोकलं. या इंजिनाच्या हाती आपले प्राण निर्धास्त सोपवावेत, असं ते म्हणाले. भाषण संपलं, लोक डब्यांत चढले, आणि हे गृहस्थ जाऊन बसले अगदी शेवटच्या डब्यात. माझा बॉयलर फुटलाच तर जितकं लांब राहता येईल तितकं बरं. त्या दिवसापासून मी माणसांची भाषणं ऐकत नाही, ती बसतात कुठे ते बघते.

पंधरा-सोळा वर्षं मी उतारू वाहिले. मग लांबलचक, आडव्या बॉयलरची नवी इंजिनं आली. त्यांच्या पुढे दिवे, मागे थाट. आम्हा नाकतोड्यांना एकेक करून कारखान्यात ओढत नेलं. मला वाटलं, आता वितळवणार. पण तिथे माझी चाकं बदलली, दांडे आखूड केले, सोनेरी नाव खरवडलं आणि त्या जागी आठ नंबर ठोकला. यापुढे मी यार्डात शंटिंग करायचं, म्हणजे वाघिणी, मालाचे डबे, इकडून तिकडे ढकलायच्या, जोडायच्या, तोडायच्या. बंदरावरच्या गोदामांकडे जाणारे रूळ इतके वाकडे, की मोठी इंजिनं तिथे घसरून पडायची. मी बुटकी, माझी चाकं जवळजवळ, म्हणून मी वळायची. हौसेने कुणी ठेवली नाही मला, अडला हरी म्हणून ठेवली.

तरी खरं सांगते, यार्डातली वर्षं वाईट गेली नाहीत. त्याचं कारण मॅलाकी होबन.

मॅलाकी आयर्लंडमधून आलेला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. मी त्याच्या हाती आले तेव्हा तो तिशीचा असेल. कोळसाही तोच टाकायचा आणि मला चालवायचाही तोच. दुपारी माझ्या भट्टीत फावडं धरून त्यावर बटाटे आणि डुकराच्या मांसाच्या फोडी भाजायचा. पहिली दोन वर्षं मी त्याच्यावरही संशयच घेतला. पण हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. "म्हातारे, आज तुझा आवाज बरा नाही," असं तो म्हणायचा तेव्हा तो खरोखरच बरा नसायचा.

वाघिणी जोडायचं काम त्याचा मेहुणा करायचा, डिनी क्रीहन. मॅलाकीच्या बायकोचा, विनीचा, हा धाकटा भाऊ. बडबड्या, गाणारा, सगळ्या यार्डाची टोपणनावं पाडणारा. जोडणीचं काम म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन आणि वाघीण यांच्या मध्ये उभं राहायचं, लोखंडी कडी हातात धरून समोरच्या फटीत घालायची, वरून खिळा टाकायचा. घाई झाली की बोटं जायची. आमच्या यार्डात नवा माणूस कामाला आला की मुकादम त्याचे हात बघायचा. दहाच्या दहा बोटं शाबूत असली की म्हणायचा, "शिकाऊ दिसतोस." डिनीला आठ होती.

म्हणूनच यार्डाचा एक नियम होता, आणि तो कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. जोडणीवाला मध्ये शिरला की ड्रायव्हरने वाफ बंद करायची आणि दोन्ही हात उचलून डोक्यावर धरायचे. म्हणजे साऱ्यांना दिसावं की याचा हात कशालाही लागलेला नाही. मधला माणूस सुखरूप बाहेर येईपर्यंत हात खाली आणायचे नाहीत. कुणी विसरलंच, तर अख्खं यार्ड ओरडायचं, "हात दाखव!" मॅलाकीवर कधी कुणाला ओरडावं लागलं नाही.

आता ऑगस्ट ब्रांडाऊबद्दल सांगते. हा कारखान्याचा फोरमन, जर्मन, कायम इस्त्रीची कॉलर. कामाला वाईट नव्हता, पण 'मला जमलं नाही' हे शब्द त्याच्या तोंडून निघायचे नाहीत. एके वर्षी उन्हाळ्यात माझी वाफेची मुख्य झडप झिजली. ही झडप म्हणजे ड्रायव्हर जी दांडी ओढतो तिच्या टोकाची. ती उघडली की वाफ चाकांकडे जाते, मिटली की थांबते. नवी झडप मागवायला वेळ लागणार होता आणि वरून तगादा होता. ब्रांडाऊने काय केलं? कारखान्यामागे माझी थोरली बहीण पाच नंबर मरून पडली होती. तिची झडप काढली आणि मला बसवली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ना, तेच. प्रत्येक इंजिनाच्या भागांवर त्याचा नंबर ठोकलेला असतो. माझ्या पोटात पाच नंबर बसला तेव्हाच मला कळलं, ही झडप माझ्याइतकीच झिजलेली आहे.

बॉयलर पूर्ण तापला की ती गळायची. दांडी बंद असली तरी चिमूटभर वाफ चाकांकडे जायची, आणि मी न सांगता, न विचारता वीतभर पुढे सरकायची. मॅलाकीने दोनदा तक्रार केली.

"फोरमनसाहेब, ही आपोआप सरकते."

"म्हातारी आहे, धाप लागत असेल," ब्रांडाऊ म्हणाला. "तुम्ही आयरिश लोक इंजिनाशी बोलता, मग ती बिघडणार नाही तर काय?"

आणि दुरुस्तीच्या वहीत त्याने लिहिलं, 'ठीक आहे.' माणसांची ही सवय मी आयुष्यभर बघितली. ज्याचं उत्तर सापडत नाही त्याच्यापुढे 'ठीक आहे' लिहायचं.

नोव्हेंबर महिना होता, दुपारची वेळ, लख्ख ऊन. कालवांच्या पिंपांची वाघीण जोडायची होती. डिनी मध्ये शिरला, पाठ माझ्याकडे, तोंडात गाणं. मॅलाकीने दांडी बंद केली आणि दोन्ही हात वर धरले. मी साक्षीदार आहे. हात वर होते. आणि मी सरकले.

वीतभरच. पण मध्ये डिनीचा उजवा हात होता.

मला थांबता आलं नाही. माझा स्वतःचा ब्रेक नव्हता, आणि मॅलाकीने हात खाली आणून दांडी उलटी फिरवेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लोक धावत आले तेव्हा मॅलाकीचा हात दांडीवर होता. सगळ्यांनी तेवढंच बघितलं.

कारखान्यात चौकशी बसली. मॅलाकी एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, "झडप उघडून बघा." ब्रांडाऊने उघडून बघितली, पण दार लावून, एकट्याने. झिजलेली कड त्याने अंगठ्याने चाचपली. मग त्याने झडप होती तशी बंद केली, आणि माझ्या डोक्यावरचं वजन दोन खाचा मागे सरकवलं. बॉयलरमध्ये वाफ किती चढू द्यायची ते या वजनावर ठरतं. आता वाफ पुरेशी चढणारच नव्हती, म्हणजे मी सरकणारही नव्हते. बाहेर जाऊन तो म्हणाला, "झडप ठीक आहे."

डिनीला विचारलं. "माझी तिच्याकडे पाठ होती," तो म्हणाला. "हात बघितले नाहीत." मग मान खाली घालून म्हणाला, "पण ती अशी आपोआप कशी येईल?"

चूक ड्रायव्हरची ठरली. मॅलाकीला माझ्यावरून उतरवलं आणि रुळांवर टाकायची वाळू वाळवायच्या शेडमध्ये फावडं मारायला पाठवलं. डिनीच्या हाती, म्हणजे उरलेल्या एका हाती, फाटकावरचं निशाण दिलं. मेहुणे-मेहुणे दीडशे पावलांच्या अंतरावर काम करायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत.

या सगळ्यात जिचा काही दोष नव्हता ती विनी. एकदा ती मॅलाकीचा डबा घेऊन यार्डात आली. वाळूची शेड माझ्या रुळाला लागूनच आहे, मला सगळं ऐकू आलं.

"रविवारी पाच जणांची ताटं मांडते मी," ती म्हणाली. "तो येत नाही. बोलावलं तर म्हणतो, मॅलाकी कबूल होऊ दे, मग येतो."

"काय कबूल होऊ?"

"चुकलो म्हण. एवढंच. तो माफ करायला बसलाय. अरे, माझा एकुलता एक भाऊ आहे तो."

मॅलाकीने फावडं वाळूत रोवलं. मग म्हणाला, "विनी, मी हात वर केले होते. निदान मला तसं वाटतं."

ते 'मला तसं वाटतं' ऐकलं आणि माझं पाणी पाणी झालं. कारण मधल्या दीड वर्षात नव्या ड्रायव्हरच्या हाती मी एकदाही सरकले नव्हते. मॅलाकी रोज शेडमधून बघायचा. इंजिन सरकत नाही, म्हणजे झडप चांगली आहे. झडप चांगली, तर मग चूक कुणाची? मी जगभरावर संशय घेतला, पण स्वतःच्या हातांवर संशय घ्यायची पाळी त्या माणसावर आली. हे मला सहन होत नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

मग अठराशे ब्याण्णवच्या वसंतात माझे लाड सुरू झाले. लाड म्हटल्यावर मला घाम फुटला. कुणी मापं घेतं, कुणी गंज घासतं, कुणी 'वा, काय ऐट!' म्हणतं. मी म्हटलं, हे पाणी कुठेतरी मुरतंय.

मुरलेलं पाणी असं: बंदरावर मोठं प्रदर्शन भरणार होतं. कंपनीला तिथे आपलं सगळ्यात पहिलं इंजिन दाखवायचं होतं, ऑरोरा. पण ऑरोरा तीस वर्षांपूर्वीच वितळवून तिचे खिळे केले होते. मग कोण उरलं? उभ्या बॉयलरची ही म्हातारी. धुराडं बदला, दांडे रंगवा, झाली ऑरोरा.

ब्रांडाऊने स्वतः कानस घेऊन माझ्यावरचे आठाचे आकडे घासून काढले. झडपेवरचा पाचही काढला. तो आकडा निघाला तसा त्याने मोठा श्वास सोडला. झडप बदलता आली असती, पण बदलायची तर नवी मागवावी लागणार, आणि कुणीतरी विचारणार, 'अहो, चौकशीत ठीक होती ना?' म्हणून ती तशीच राहिली. चोराच्या मनात चांदणं असतं, ते असं.

प्रदर्शनाच्या दिवशी बंदरावर माणसांचा पूर लोटला. कंपनीचे मोठे साहेब आले होते. ब्रांडाऊला जुन्या काळचा उंच टोप घालून माझ्यावर उभं केलं होतं. त्याने माझ्या चाकाखाली लाकडाची पाचर मारून ठेवली होती आणि तिच्यावरून त्याची नजर हलत नव्हती.

"शिटी अशी मेल्यासारखी का?" साहेब म्हणाले. "वाफ वाढवा."

"साहेब, बॉयलर जुना आहे."

"तुम्हीच लिहून दिलंय, ठणठणीत आहे म्हणून. ते वजन पुढे घ्या."

वजन दोन खाचा पुढे गेलं. दीड वर्षांनी माझ्या अंगात पुरती वाफ भरली. मग फोटोवाला आला आणि म्हणाला, चाकाखालचं ते लाकूड वाईट दिसतं. साहेबांनी बोट दाखवलं, पाचर निघाली. ब्रांडाऊचा चेहरा त्याच्या कॉलरसारखा पांढरा झाला, पण तो बोलला नाही. एक शब्द बोलला असता, तर दीड वर्षापूर्वीचाही बोलावा लागला असता.

आता बग्गीसारखा एक जुना डबा मला जोडायचा होता, तोही आमच्या यार्डाच्या पद्धतीने, कडी आणि खिळ्याने, लोकांनी बघावं म्हणून. यार्डातला एक चपळ जोडणीवाला फुलांची माळ गळ्यात घालून मध्ये शिरला. ब्रांडाऊने झडप बंद केली, आणि हात दांडीवरच घट्ट धरून ठेवला.

दोरीपलीकडे आमच्या यार्डाची माणसं उभी होती. फाटकावरचा डिनी होता. मागे, वाळूच्या बादल्यांपाशी, मॅलाकी होता. जोडणीवाला मध्ये, आणि ड्रायव्हरचा हात दांडीवर? पन्नास जणांच्या तोंडून एकदम निघालं, "हात दाखव!"

ब्रांडाऊ ऐकेना. पुन्हा आरडाओरडा झाला. "हात दाखव की!" साहेबांनी विचारलं, "हे काय म्हणतात?" कुणीतरी नियम सांगितला. "मग दाखवा ना," साहेब म्हणाले. "छान दिसेल फोटोत."

ब्रांडाऊने हात उचलले. एक, मग दुसरा. टोपाच्या वर, सगळ्या गावाला दिसतील असे.

आणि मी सरकले.

मुद्दाम केलं नाही. झडप गळायची ती गळली. पण खोटं कशाला बोलू, या खेपेला थांबता आलं असतं तरी मी थांबले नसते, फक्त तो पोरगा मध्ये नसता तर. तो चपळ होता, मांजरासारखा बाहेर उडाला. फुलांची माळ तेवढी मध्ये राहिली आणि चेपून सपाट झाली.

ब्रांडाऊचे हात अजून वरच होते. खाली आणायचं त्याला सुचलंच नाही.

डिनी दोरीखालून वाकून आला. माझ्याकडे नाही, साहेबांकडेही नाही. तो सरळ मागे वाळूच्या बादल्यांपाशी गेला. मॅलाकी माझ्याकडे बघत उभा होता.

"मॅलाकी," डिनी म्हणाला, "त्या दिवशी तुझे हात वर होते ना?"

"नक्की सांगता येत नाही रे आता," मॅलाकी म्हणाला. "इतके दिवस झाले. माझंच मला पटेनासं झालंय."

"होते," डिनी म्हणाला. "मी आत्ता बघितले."

मग त्याने आपला डावा हात मॅलाकीच्या खांद्यावर ठेवला. फोटोवाल्याने काचेवर काय टिपलं ते मला माहीत नाही, पण टिपण्यासारखं तिथे होतं.

आता कंपनीने चूक कबूल केली असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही फारच भोळे. वहीत अजून 'ठीक आहे' असंच आहे. ब्रांडाऊची दुसऱ्या गावी बदली झाली. मॅलाकी अजून वाळूच्या शेडमध्येच आहे. पण विनीच्या पाचव्या ताटावर आता माणूस बसतो, आणि त्याला मांस कापून द्यायचं काम मॅलाकी करतो, असं ऐकते.

मी इथे या शेडमध्ये उभी असते. भट्टी थंड, पाणी काढून टाकलेलं. लोक येतात, पाटी वाचतात आणि 'पहिलं इंजिन!' म्हणून माना डोलावतात. तुम्ही आलात तर एवढंच करा. माझ्या डाव्या दांड्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. कानस तिथपर्यंत पोहोचली नव्हती. आठाचा आकडा बोटाला लागेल. कुणाला सांगू नका हवं तर, पण मनात तरी मोनोकसी म्हणा.

महिन्यातून एखाद्या रविवारी जेवून झाल्यावर ते दोघं मेहुणे येतात. मॅलाकी माझ्या पोटावर थाप मारतो. "काय म्हातारे, बरी आहेस ना?" डिनी माझ्या मागे उभा राहून हलक्या आवाजात गातो, आता माझ्याकडे पाठ न करता. मला बघून कुणाला काय मिळणार, याचा संशय मला अजूनही येतो, सवयच ती. जाताना दारात दोघं वळतात आणि हात वर करतात. मी दर वेळी मोजते. तीन हात असतात.